याफोला कशासाठी जायचे?

यात्रा कंपन्यांची पत्रके हातात पडू लागली की आपल्या कॅथलिक घरांतून पवित्र भूमीचे बोलणे सुरू होते. दहा-बारा दिवस, इजिप्त, जॉर्डन आणि इस्राएल, सोबत एक धर्मगुरू, आणि ठळक अक्षरांत ‘सर्व जेवण भारतीय’. या पत्रकांत बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम यांना दिवस मिळतो. याफोला, म्हणजे आजच्या जाफाला, मिळालाच तर परतीच्या वाटेवर एखादा तास मिळतो. भोरजवळच्या उत्रोलीत राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने मात्र बेत उलटा धरला आहे. जायचे झाले तर याफोला जायचे, तिथेच चार-पाच दिवस राहायचे, आणि बाकीचे जमेल तसे पाहायचे. असे का, आणि मुळात जावे का, यावर घरात बरेच बोलणे झाले. ते बोलणे फक्त आमच्या घराचे नाही असे वाटल्यामुळे इथे मांडत आहोत.

याफो हे भूमध्य समुद्राच्या काठचे फार जुने बंदर. शलमोनाच्या मंदिरासाठी लबानोनची लाकडे तराफे करून याच किनाऱ्याला आणली गेली, असे जुना करार सांगतो. पुढे अनेक शतके जेरुसलेमला जाणारा युरोपचा यात्रेकरू इथेच पाय ठेवी. बंदराच्या तोंडाशी खडक असल्याने मोठी जहाजे बाहेर उभी राहत आणि याफोचे नावाडी लोकांना होड्यांत घालून काठाला आणत. १८९२ साली इथून जेरुसलेमपर्यंत रेल्वे झाली. १९५० पासून याफो शेजारच्या तेल अवीव शहरात सामील आहे. टेकडीवर फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे संत पेत्राचे चर्च आहे. आजची इमारत १८८८ ते १८९४ या काळात उभी राहिली आणि तिचा घंटामनोरा समुद्रातून दिसतो. खालच्या गल्लीत, दीपगृहाजवळ, शिमोनाचे घर म्हणून दाखवले जाणारे एक घर आहे. ते खाजगी मालकीचे असल्याने बाहेरूनच पाहावे लागते. नुसते पाहायचेच म्हटले तर हे सगळे अर्ध्या दिवसात उरकते. पत्रकवाल्यांचा तास तसा फार चुकीचा नाही.

मग तिथे राहायचे कशासाठी? बायबलमधले दोन प्रवासी या बंदरावर येतात, म्हणून. एक योना आणि दुसरा संत पेत्र. दोघांच्या येण्यात जो फरक आहे, तोच आमच्या घरातल्या वादाचा गाभा होता.

योनाला परमेश्वराने निनवेला जायला सांगितले. निनवे पूर्वेला, आजच्या इराकमधल्या मोसुल शहराजवळ. योना निघाला पश्चिमेला. याफोत त्याला तार्शीशला जाणारे जहाज मिळाले, त्याने भाडे भरले आणि तळाशी जाऊन झोपला. भाडे भरल्याची ही नोंद आम्हाला नेहमी गमतीची वाटते. तयारी म्हणून पाहिली तर योनाच्या प्रवासात काही उणे नव्हते. जहाज वेळेवर, पैसे चुकते, झोप गाढ. तो कुठे जात होता याला महत्त्व नव्हते. कुणापासून दूर जात होता याला होते. निनवेची माणसे त्याला नको होती, आणि देव त्यांना क्षमा करील ही शक्यता तर त्याहून नको होती. चौथ्या अध्यायात तो हे स्वतःच बोलून दाखवतो.

आता आपल्याकडे पाहू. कामाने शिणलेल्या माणसाने चार दिवस समुद्रकाठी बसावे यात काही वावगे नाही. प्रभू येशूनेही शिष्यांना एकांतात नेऊन विसावा घ्यायला सांगितले होते. पण विसावा आणि पळ यांतला फरक बाहेरून दिसत नाही. तिकीट दोघांचे सारखेच असते. मागे काय ठेवले यावरून तो कळतो. बांधावरून सख्ख्या भावाशी सहा वर्षे बोलणे नाही, भाऊ तीन घरे सोडून राहतो, आणि आपण चार हजार किलोमीटरवर जाऊन कालवारीच्या खडकाला हात लावणार, असे आपल्या खेड्यापाड्यांत होत नाही असे कोण म्हणेल? अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला प्रभूने ते तिथेच ठेवून आधी भावाकडे जायला सांगितले. वेदीपासून परत फिरायला सांगितले, तर विमानतळापासून का नाही? यात्रेच्या यादीत पासपोर्ट, विमा, औषधे यांच्या आधी हे एक नाव लिहावे, असे आमचे मत झाले आहे. ज्याचे त्याचे निनवे ज्याला त्याला ठाऊक असते.

पेत्राचे याफोला येणे अगदी वेगळे. तो जवळच्या लोद गावी होता. याफोत तबीथा नावाची एक शिष्या वारली होती. गोरगरिबांसाठी झिजणारी, विधवांसाठी कपडे शिवणारी बाई. तिथल्या श्रद्धावंतांनी दोन माणसे पाठवून पेत्राला लगेच बोलावले, आणि तो उठून त्यांच्याबरोबर चालू लागला. माडीवर विधवा रडत होत्या, आणि तबीथाने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला काढून दाखवत होत्या. याफोत पेत्राला कुणी काही दाखवले असेल, तर ही एका मेलेल्या बाईच्या हातची शिवण. त्याने गुडघे टेकून प्रार्थना केली आणि ती उठून बसली. मग तो त्या गावात बरेच दिवस राहिला, आणि राहिला तो कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे.

इथे आपण मराठी माणसांनी जरा थांबायला हवे. युरोपातल्या वाचकाला जे टीपा वाचून कळते, ते आपल्याला न शिकता कळते. शिमोन जोडे शिवणारा नव्हता, मेलेल्या जनावराचे कातडे कमावणारा होता. आपल्याकडे हे काम ढोर समाजाच्या माथी होते आणि त्यांना राहायला जागा कुठे मिळे, हे सांगायला नको. यहुदी लोकांतही मेलेल्या जनावराच्या स्पर्शाने माणूस अशुद्ध होई. त्यांच्या मिश्ना या ग्रंथात कातडी कमावण्याची जागा गावापासून पन्नास हात दूर आणि पूर्वेलाच असावी असा नियम आहे. नवऱ्याचा हा धंदा असेल तर त्या कारणाने बायकोला काडीमोड मागता येतो, असेही तिथे आहे. शिमोनाचे घर समुद्राच्या काठी होते, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात दोनदा आले आहे. धंद्याला पाणी लागते म्हणून असेल. पण गावाने कुणाला कोणती जागा नेमून दिलेली असते, हे आपण ओळखतो.

त्या घराच्या धाब्यावर, भर दुपारी, पोटात भूक असताना, पेत्राला दर्शन झाले. आकाशातून एक मोठी चादर उतरली आणि तिच्यात सर्व प्रकारचे प्राणी होते. मारून खा, असे त्याला सांगितले गेले. असले काही मी कधी तोंडात घातलेले नाही, असे पेत्राने उत्तर दिले. देवाने शुद्ध ठरवलेले अशुद्ध मानण्याचा अधिकार पेत्राला नाही, हे त्याला तीनदा बजावावे लागले. तो या कोड्यात असतानाच कर्नेल्य या रोमी शताधिपतीची माणसे विचारत विचारत दाराशी आली. पेत्राने त्यांना आत घेतले आणि रात्री ठेवून घेतले. कुणाच्या घरात? शिमोनाच्या! पाहुण्यानेच पाहुणे ठेवून घेतले आणि घरधन्याला विचारल्याची नोंद नाही. त्या रात्री तिथल्या चुलीवर आणखी तीन माणसांचे शिजले असणार. ते कोणी शिजवले, हेही लिहिलेले नाही. शिमोन साऱ्या कथेत एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पेत्र कैसरियाकडे निघाला, आणि तिथे परराष्ट्रीयांसाठी ख्रिस्तसभेचे दार उघडले. पण त्या दाराची कडी निघाली ती या कातड्याच्या वासाच्या घरात. कर्नेल्याच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकण्याआधी पेत्र बरेच दिवस शिमोनाच्या घरचे जेवत होता.

म्हणूनच ‘सर्व जेवण भारतीय’ ही ओळ आम्हाला खटकते. पथ्यपाण्याच्या माणसांचे सोडा. पण आपलीच बस, आपलीच माणसे, डब्यात आपलीच चटणी, आणि खिडकीतून पवित्र भूमी, असे झाले तर आपण कुणाच्या घरी गेलो? जी यजमानाच्या ताटापासून स्वतःला जपते ती यात्रा पेत्राच्या याफोला पोचत नाही, मग फोटो कितीही येवोत. आणि हा प्रश्न परदेशातच पडतो असे नाही. आपल्या धर्मग्रामातही कुठले कुटुंब मूळचे कुठल्या समाजातले, हे लग्न जुळवताना हळूच विचारले जाते. चादर उतरून दोन हजार वर्षे होत आली.

शुद्ध-अशुद्धाचा हाच प्रश्न त्याच भूमीत मराठी माणसांच्याही वाट्याला आला. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल लोकांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून कोकणाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आडनावे पेणकर, रोहेकर, आणि घरची भाषा मराठी. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. अश्दोद, लोद, बेरशेबा, दिमोना अशा गावांत वसले, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी काढले. पण १९६२ च्या सुमारास तिथल्या मुख्य रब्बींनी असे ठरवले की इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी यांच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी व्हावी. शतकानुशतके शब्बाथ पाळलेल्या लोकांना, तुम्ही पुरेसे शुद्ध आहात का, असे विचारले गेले. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हे लोक सर्व अर्थांनी यहुदीच आहेत असे जाहीर केले, तेव्हा रब्बींना आपला हुकूम बदलावा लागला. पेत्र ज्या लोदहून याफोला चालत गेला, त्याच लोदमध्ये आज मराठी बोलणारी म्हातारी माणसे भेटतात. विमानतळही लोदलाच लागून आहे. उतरल्यावर पहिली गाठ या माणसांची घ्यावी, पुण्याच्या रास्ता पेठेतल्या सिनेगॉगची खबर त्यांना सांगावी, असे आमच्या मनात आहे.

आता सर्वांत अवघड भाग. जावे का?

याफो आज दिसते तितके निवांत नाही. १९४८ च्या युद्धापूर्वी तिथे सत्तर हजारांच्या आसपास अरब राहत होते. युद्धानंतर जेमतेम चार हजार उरले. गेलेल्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. जुन्या गावात आज जिथे चित्रकारांची दालने आणि देखणी उपाहारगृहे आहेत, त्या भिंती कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या होत्या. याच किनाऱ्याने दक्षिणेला साठ-सत्तर किलोमीटरवर गाझा आहे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली गेली, आणि त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो घरे माणसांसह गेली. गाझातल्या एकुलत्या एका कॅथलिक धर्मग्रामाचे नाव आहे पवित्र कुटुंब. पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये निवर्तले, तोवर जवळजवळ रोज संध्याकाळी तिथे फोन करून विचारपूस करत असत. १७ जुलै २०२५ रोजी इस्राएली सैन्याचा तोफगोळा त्या चर्चवर पडला आणि तिघांचा जीव गेला. एक कुटुंब तिथे असे असताना दुसऱ्या कुटुंबाने त्याच समुद्रात पाय भिजवावेत का, असे आमच्या थोरल्या मुलीने विचारले. आम्हा दोघांना लगेच उत्तर देता आले नाही.

दुसरी बाजूही आहे. बेथलेहेममधली अनेक ख्रिस्ती घरे यात्रेकरूंवर जगतात. ऑलिव्हच्या लाकडाचे कोरीवकाम, छोटी हॉटेले, टॅक्सी. २०२३ च्या शेवटापासून यात्रा ओसरल्या आणि कित्येक कुटुंबे देश सोडून गेली. जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क कार्डिनल पिझ्झाबाल्ला यांनी यात्रेकरूंना परत या म्हणून पुन्हा पुन्हा विनवले आहे. तबीथासाठी श्रद्धावंतांनी दोन माणसे पाठवली होती. हेही एक बोलावणेच आहे. आणि याफोत संत अंतोनीच्या चर्चमध्ये स्थानिक अरब कॅथलिकांबरोबर फिलिपिनो आणि भारतीय स्थलांतरितही मिस्सेला येतात. दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आईवडिलांची शुश्रूषा करायला गेलेल्या आपल्या बायका, स्वतःचे आईवडील इकडे ठेवून. त्यांच्या शेजारी बसून एक मिस्सा ऐकणे, हे आमच्या लेखी एखाद्या मोठ्या स्थळाच्या दर्शनापेक्षा कमी नाही. मुलीला आम्ही एवढेच सांगितले की पाय भिजवायला जाणार असू तर जाऊ नये, भेटायला जाणार असू तर जावे. ती पूर्ण पटली आहे असे नाही.

पैशाचा प्रश्न मात्र आम्ही लवकर मिटवला. माणशी लाखाच्या वर खर्च. तेवढ्यात गावात किती कामे होतील, हा आक्षेप जुनाच आहे. चौथ्या शतकात निस्साचे संत ग्रेगरी यांनी यात्रेच्या वेडाविरुद्ध पत्र लिहिले. जागा बदलल्याने देव जवळ येत नाही असे त्यांचे म्हणणे. संत जेरोम यांनीही एका मित्राला कळवले की स्वर्गाला जाण्यासाठी जेरुसलेम काही ब्रिटनपेक्षा जवळ नाही. हे त्यांनी लिहिले ते स्वतः बेथलेहेममध्ये मुक्काम ठोकून, हा भाग वेगळा. आपल्याकडे एकनाथमहाराजांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. पण त्या गोष्टीत एक बारकावा आहे. नाथ घरी बसले असते तर ते गाढव त्यांना भेटलेच नसते. कावड घेऊन निघणे आणि ती वाटेत रिकामी करायची तयारी असणे, दोन्ही लागते. आम्ही ठरवले आहे की जेवढा खर्च प्रवासाचा, त्याचा एक हिस्सा गावातल्या एका मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी आधी बाजूला काढायचा. तो निघाला नाही तर यात्रा एक वर्ष पुढे.

या बंदरावर १५२३ साली लोयोलाचे संत इग्नेशियसही उतरले. बार्सेलोनाहून निघताना हाती उरलेली पाच-सहा नाणी त्यांनी समुद्रकाठच्या एका बाकावर ठेवून दिली, देवावर भिस्त ठेवायची म्हणून. त्यांना पवित्र भूमीत कायमचे राहायचे होते. फ्रान्सिस्कन वरिष्ठांनी साफ नाही म्हटले आणि त्यांनी ते ऐकले. निघण्याआधी मात्र ते कुणाला न सांगता ऑलिव्हच्या डोंगरावर पळाले. तिथे प्रभूच्या पावलांचे म्हणून जे ठसे दाखवतात, ते पाहायला पहारेकऱ्याला चाकू दिला. आणि कोणते पाऊल कोणत्या दिशेला होते हे नीट पाहिले नाही म्हणून पुन्हा जाऊन कात्री दिली. संतांनाही पाहण्याची हौस असते, हे वाचून आमच्या धाकट्याला फार बरे वाटले. त्याला बंदरातल्या होड्या पाहायच्या आहेत.

राहिला प्रश्न कोणी जायचे. पत्रकवाला म्हणाला, आजींना नेऊ नका, चालणे फार असते. पौष पौर्णिमेला आमचे शेजारी मांढरदेवला निघतात तेव्हा टेम्पोत आधी म्हातारीची जागा ठरते, मग बाकीच्यांची; कुणाला नेऊ नये असा विचार त्यांच्याकडे होत नाही. आमचेही तसेच ठरले. दहा दिवसांत तीन देश आजींना झेपणार नाहीत. एका गावात पाच दिवस झेपतील. याफोचा बेत पक्का व्हायला हेही एक कारण झाले, आणि खरे सांगायचे तर ते मोठे कारण आहे. टेकडीवरच्या चर्चपर्यंत चाकाची खुर्ची जाते की नाही याची चौकशी चालू आहे. परिस्थिती निवळली आणि विमाने नीट चालू राहिली तरच निघायचे, तेव्हा घाई नाही.

आजींनी आपल्या बाजूने तयारी सुरू केली आहे. पासपोर्टच्या अर्जावर अंगठा नको, सही करणार, म्हणून नातवाकडून रोज एक ओळ गिरवून घेतात. तबीथाची गोष्ट त्यांना वाचून दाखवल्यापासून जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवायला घेतली आहे. जी कोणी आपल्याला घरी जेवायला बोलावील तिला द्यायची म्हणतात. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचे नाही. परवा वजन केले तर अजून अर्धीच झालेली गोधडी दोन किलोच्या वर भरली, आणि बॅगेला मर्यादा तेवीस किलोची आहे.